प्रबंध टेम्प्लेटमध्ये बसेना

प्रश्न: ताई, गाईडनी प्रबंध परत पाठवलाय, म्हणे टेम्प्लेटप्रमाणे नाही. मी तर सगळी शीर्षकं बोल्ड केलीयेत, साईज १६ ठेवलाय, मग चुकलं काय?

उत्तर: अगं, बोल्ड केलं म्हणजे हेडिंग होत नाही, वर्डला तो नुसता जाड मजकूर दिसतो. व्ह्यूमध्ये नेव्हिगेशन पेन (बाजूला हेडिंगांची यादी दाखवणारी पट्टी) उघड, तिथे काहीच दिसलं नाही तर समज स्टाईल (वर्डमधला हेडिंगचा तयार साचा) लावलेलीच नाही, मग प्रकरणाला हेडिंग १, उपशीर्षकाला हेडिंग २ लाव. अनुक्रमणिका हाताने टाईप केली असशील तर आधी उडव (सगळेच करतात हे!) आणि रेफरन्सेसमधून नवी घे. सुरुवातीची पानं रोमन आकड्यांत आणि पुढे १ पासून हवी असतील तर मध्ये नेक्स्ट पेजवाला सेक्शन ब्रेक (फाईलचे वेगळे भाग पाडणारी खूण) टाक, फूटरमधलं लिंक टू प्रीव्हियस बंद कर, नाहीतर एकीकडचं बदललं की दुसरीकडचंही बदलतं. शेवटी कंट्रोल ए दाबून सगळं निवड, मग एफ९ दाब, म्हणजे अनुक्रमणिका ताजी होईल.