आमच्या नगरपरिषदेत कोणत्या कामावर किती पैसे गेले हे विचारलं की उडवाउडवी करतात. सामान्य माणसानं काय करावं?

माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आवक शाखेत द्या, पोच घ्या. एवढं तुम्हालाही माहीत असेलच. तुमची खरी अडचण बहुतेक वेगळी आहे : अर्ज टाकल्यावर त्याच गावात राहायचं कसं? ते आमच्या घरानं भोगलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी नागपूरला मनीषनगरात राहतो. वडील गावी, इथून एसटीनं दीड तास. नगरपरिषदेचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण बहीण-भाऊजी तिथंच राहतात आणि भाऊजी हे वाचणार आहेत.

वडील एसटीत कंडक्टर होते. एकदा चेकिंगमध्ये त्यांच्या बॅगेत हिशेबापेक्षा चार रुपये कमी निघाले म्हणून मेमो मिळाला. तो मेमो त्यांनी अजून ट्रंकेत जपून ठेवलाय. २०१७ च्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. "आपल्या घरासमोर नाली झाली म्हणते." मी म्हटलं, बरं झालं. "बरं काय झालं बाबू, नालीच नाही न."

कुणीतरी त्यांना ठरावाची झेरॉक्स दाखवली होती. कामाच्या नावात आमच्या वडिलांचंच नाव : 'श्री. अमुक यांचे घर ते पिठाची चक्की, सिमेंट नाली बांधकाम'. मंजुरी ऐनवेळच्या विषयात. ज्यांनी नगरपरिषदेची सभा पाहिलीय त्यांना हे दोन शब्द पुरेत. विषय अजेंड्यावर नसतो. सभा संपत येते, आलूबोंडे येतात, अध्यक्षांच्या परवानगीनं पाच-सात विषय वाचले जातात आणि तोंडात घास असतानाच मंजूर होतात.

अर्ज मी स्वतः नेऊन दिला. अकरा वाजता पोच मिळाली. दुपारी गणेशपेठ स्टँडवर उतरत नाही तोच भाऊजींचा फोन. "कायले टाकला बे तो अर्ज? ठेकेदार माह्या दुकानात येऊन बसला आहे." माझा अर्ज चार तासांत गावभर झाला होता. त्यांची फाईल मात्र तीस दिवसांत सापडली नाही. मुदत संपल्यावर पत्र आलं की ती लेखापरीक्षणासाठी गेली आहे. पहिलं अपील केलं आणि सुनावणीच्या दिवशी फाईल त्याच ऑफिसातल्या कपाटातून निघाली.

नालीचे दोन तुकडे होते. भाग १, २,९६,००० रुपये. भाग २, २,९१,००० रुपये. तेव्हा ३ लाखांवरच्या कामाला ई-निविदा, म्हणजे ऑनलाइन खुली निविदा, लागायची, ती टाळायला हे तुकडे. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीत, लांबी ९६ मीटर. वडिलांनी सकाळीच सुताराचा टेप आणून वळणासकट रस्ता मोजला होता, घर ते चक्की ५८ मीटर. अभियंता म्हणाले, "दोन्ही बाजू धरल्या असतील." वडील म्हणाले, "साहेब, तिथं एकही बाजू नाही."

महिनाभरात नाली झाली. एकाच बाजूला, आणि उतार असा की पाणी अजून आमच्याच दारात थांबतं. पुस्तिकेतले ९६ मीटर तसेच राहिले. ना वसुली, ना कुणाला मेमो.

आणि इथूनच भाऊजींचा नि माझा वाद सुरू झाला, तो आजतागायत. त्यांचं म्हणणं, "झाली न नाली? मग आता काय पाहिजे?" शिवाय, "तू नागपूरले राहतं. नळाचं कनेक्शन, घराचा फेरफार, दुकानाचा परवाना, आम्हाले रोज त्याच दारात जा लागते." दुसरं म्हणणं खरं आहे. पहिलं मला मान्य नाही आणि होणारही नाही. नाली उपकार म्हणून मिळाली. हिशेब मागितला होता, तो दिलाच नाही.

छोट्या शहराची गोम अशी आहे की ते ना धड गाव, ना धड शहर. गावात ग्रामसभा असते, कशी का असेना, उभं राहून सरपंचाला विचारता येतं. ग्रामपंचायतीची नगरपंचायत किंवा नगरपरिषद झाली की ग्रामसभा जाते. नागपूरच्या आसपास वाडी, वानाडोंगरी, बुटीबोरी या सगळ्या आधी ग्रामपंचायतीच होत्या. आणि घटनेनं वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या ३ लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांना. मधल्या माणसानं विचारायचं कुठं? पानठेल्यावर. त्यात २०२२ नंतर निवडणुका लांबल्या, ठिकठिकाणी प्रशासक बसले, मग नगरसेवकाला शिव्या घालायची सोयही गेली. नागपूर महापालिकासुद्धा मार्च २०२२ पासून प्रशासकाकडे होती, पण इथं निदान पेपरवाले रोज तिथं बसलेले असतात.

तर तुमच्या कामाचं. अर्जात 'भ्रष्टाचार का झाला', 'कारण सांगा' असलं लिहू नका. मत मागितलं की अर्ज निकाली काढायला सोपा जातो. कागद मागा : अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अदा केलेली देयकं, त्या महिन्याच्या सभेचं इतिवृत्त ऐनवेळच्या विषयांसकट. कशाला हवं हे सांगायची गरज नाही, माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) वाचून दाखवा. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. प्रतीचे २ रुपये पान. त्यापेक्षा फाईल पाहायलाच मागा. समोर बसून पाहिलं की कोणतं पान नंतर घुसवलंय ते शाईवरूनही कळतं. तीस दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं. माहिती अधिकाऱ्याला रोज २५० रुपयांप्रमाणे २५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. ठरावच बेकायदा वाटत असेल तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जा, त्यांना अंमलबजावणी थांबवता येते.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं : एकट्यानं करू नका. २०१० साली तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टींचा खून झाला. भाऊजी दर भांडणात हे नाव काढतात आणि तेवढ्यापुरता मी गप्प बसतो. चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज टाका, जमलं तर बाहेरगावी राहणाऱ्या पोराच्या नावानं टाका. सगळेच बाबू चोर नसतात हेही खरं. आम्हाला फाईल काढून देणारा तिथलाच एक लिपिक होता, आणि एकेका माणसाकडे तीन-तीन टेबलं असतात. उलट अर्ज टाकून ठेकेदाराकडून पैसे उकळणारेही मी पाहिलेत. त्यांच्यामुळे आपल्या अर्जाकडे आधीच वाकड्या नजरेनं पाहतात.

भाऊजी, इथपर्यंत वाचलंच असेल तर एवढं सांगा. ५८ मीटर नाली मी दिवाळीत येऊन पाहिली, तुमच्याच सोबत. उरलेली ३८ मीटर कुठं आहे?