पहिले पुस्तक लहान प्रकाशकाकडे द्यावे का?

ऐरोलीहून आपण विचारले आहे की, आपल्या नऊ कथांचा पहिला संग्रह डोंबिवलीतील एक लहान प्रकाशक ३०० प्रतींची आवृत्ती म्हणून काढायला तयार आहेत, मात्र २५० रुपये किमतीच्या १०० प्रती आपण २५ टक्के सवलतीने विकत घ्याव्यात अशी त्यांची अट आहे. दोन मोठ्या प्रकाशकांकडून आठ महिन्यांत उत्तर नाही, तेव्हा होकार द्यावा की थांबावे? माझी तिन्ही पुस्तके लहान प्रकाशकांकडूनच आली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

प्रकाशक लहान आहे की मोठा, यापेक्षा पुस्तकात पैसे कोणाचे अडकले आहेत हे आधी पाहावे. १०० प्रतींचे आपण १८,७५० रुपये भरणार. उरलेल्या २०० प्रती सगळ्या खपल्या आणि प्रचलित १० टक्के दराने मानधन खरोखर मिळाले, तरी ते ५,००० रुपये होते. दिलेले पैसे वसूल व्हायचे तर आपल्याकडच्या ७५ प्रती पूर्ण किमतीला विकाव्या लागतील, आणि नातेवाईक पुस्तक मागतात, किंमत विचारत नाहीत. ठाण्यातल्या एखाद्या मुद्रकाकडून १४४ पानांच्या, म्हणजे सोळा पानांचा एक याप्रमाणे नऊ फॉर्मच्या, ३०० प्रतींचे दरपत्रक मागवा आणि १८,७५०चा आकडा त्याच्या शेजारी ठेवून पाहा. छपाईचा बहुतेक खर्च आपल्याच पैशांतून निघत असेल, तर वितरकाला ४०-५० टक्के सूट देऊन उरलेल्या प्रती दुकानांपर्यंत नेण्याची निकड प्रकाशकाला कितपत उरेल, हे वेगळे सांगायला नको.

हे मी पदरमोड करून शिकले. डिसेंबर २०१० मध्ये ८४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात भरले, आणि त्या मुहूर्तावर पुस्तक यावे म्हणून माझ्या तेव्हाच्या प्रकाशकांनी माझा पहिला संग्रह घाईघाईने छापला. प्रूफ एकदाच, तेही एका रात्रीत वाचून परत करायचे होते. एका कथेचा शेवटचा परिच्छेद गळला तो गळलाच. तीन दिवसांत गाळ्यावर ११ प्रती गेल्या. मी घेतलेल्या १५० प्रतींचे खोके नौपाड्यातल्या घरी दिवाणाखाली कित्येक वर्षे होते. शिवाय वर्ष संपायला आठवडा असताना आलेले पुस्तक १ जानेवारीला 'गेल्या वर्षीचे' झाले, आणि प्रकाशन-वर्ष पाहणाऱ्या पुरस्कारांसाठी धावपळ करायला उसंतच मिळाली नाही. पुढे दोन वर्षांत ती प्रकाशनसंस्था बंद पडली.

आमच्यात लेखी करार नव्हता, आणि गंमत अशी की त्यामुळेच मी सुटले. १९५७च्या प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. तसे काही नसल्यामुळे हक्क माझ्याकडेच राहिले होते आणि संग्रह दुसरीकडे देता आला. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तेही संपुष्टात येतात. पण कागदावर 'कायमस्वरूपी' किंवा 'सर्व हक्क' असे शब्द आले की हे संरक्षण फारसे उरत नाही, म्हणून सहीपूर्वी त्या ओळी तेवढ्या सावकाश वाचा. मुदत पाच वर्षे असावी, पुस्तक सलग सहा महिने अनुपलब्ध राहिल्यास हक्क परत यावेत, आणि अनुवाद, ऑडिओबुक व चित्रपट-रूपांतर आपल्याकडे राहावे, एवढे मागणे मुळीच उद्धटपणाचे नाही. आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी वेगळे पैसे मागितले तर कारण विचारा. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो क्रमांक विनामूल्य देते.

आपल्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते ती 'पहिले' या शब्दाची. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यातला लघुकथेचा पुरस्कार ग. ल. ठोकळ यांच्या नावाने दिला जातो. कोणाच्याही हाती न पोहोचलेल्या पुस्तकानेसुद्धा आपले पहिलेपण संपते, आणि दुसरा संग्रह कितीही चांगला असला तरी या वाटांनी त्याला जाता येत नाही.

लहान प्रकाशनांचा विषय निघाला की अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने कवी अरुण कोलटकरांचे पुस्तक काढल्याचे उदाहरण हटकून दिले जाते. ते खरे आहे, पण १९७७ मध्ये कोलटकरांचा मराठी संग्रह आला, तोवर त्यांच्या कविता नियतकालिकांतून सुमारे दोन दशके वाचल्या जात होत्या. आपल्या नऊपैकी चारच कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत. उरलेल्या पाचांपैकी दोन-तीन तरी आधी छापून याव्यात, असे मला वाटते.

तरीही चांगल्या लहान प्रकाशकाला मी मोठ्या नावापेक्षा कमी लेखणार नाही. माझ्या दुसऱ्या पुस्तकाचे प्रकाशक लोकलने ठाण्याला येत, तीन दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर हस्तलिखित घेऊन बसले, एक कथा त्यांनी काढायला लावली आणि एकीचा शेवट मला चार वेळा लिहायला लावला. प्रती त्यांनी ३००च काढल्या, पण पैसे त्यांचे होते, म्हणून प्रत्येक प्रतीचा हिशेब त्यांच्या वहीत होता.

आपले प्रकाशक यांतले कोणते, हे एका शनिवारी कळेल. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, जे १८९३ पासून आहे, त्यांची चार-पाच पुस्तके मागा. मिळाली नाहीत तर तेही उत्तरच आहे; मिळाली तर मुद्रितशोधन, बांधणी आणि मलपृष्ठावरचा मजकूर पाहा, आणि कोणाची दुसरी आवृत्ती निघाली आहे का तेही. मग त्यांच्या दोन लेखकांना एवढेच विचारा की, मानधनाचा हिशेब न मागता आला होता का.

हे समाधानकारक निघाले, तर नकार देऊ नका, अट बदलून मागा: सक्तीची खरेदी नाही, लागल्यास २५ प्रती आपल्या मर्जीने, पाच वर्षांचा लेखी करार, प्रूफ दोनदा, आणि प्रकाशन डिसेंबरात नको, जानेवारी-फेब्रुवारीत. ते १०० प्रतींवरच अडून बसले, तर त्यांचे आभार मानून हस्तलिखित परत घ्या आणि मंडळाच्या अनुदानासाठीचा अर्ज भरायला घ्या.