स्वतःचा लॅपटॉप नाही, पेनड्राइव्हवर आख्खा कॉम्प्युटर घेऊन फिरता येतो का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की कधी ग्रामपंचायतीच्या, कधी मित्राच्या मशीनवर काम करावं लागतं, आणि दर वेळी फाइली, फॉन्ट, सेटिंग सगळं नव्यानं शोधावं लागतं. पेनड्राइव्हवर सगळं नेता येतं. मी चार वर्षं तेच करतेय. दारव्हा तालुक्यातल्या तीन गावांच्या महिला बचत गटांचे हिशेब माझ्याकडे आहेत आणि तिन्हीकडे मशीन दुसऱ्याचं.

यात विंडोज सुरूच होत नाही. मशीन चालू करताना बूट मेन्यूची की दाबायची (एचपीवर एफ९, डेल आणि लेनोवोवर बहुतेक एफ१२), पेनड्राइव्ह निवडायचा, की त्यावरचं लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) उघडतं. रॅम आणि प्रोसेसर त्यांचे, बाकी सगळं तुमचं. आपण होऊन उघडली नाही तर त्यांची हार्डडिस्क जशीच्या तशी राहते. तरी मालकाला विचारल्याशिवाय लावू नका. मी पहिल्यांदा लावला तेव्हा तिथले ऑपरेटर दादा घाबरलेच, "ताई, हे काय करून राहिल्या? आमचं विंडोज उडन ना!" पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू करून दाखवलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारं मशीनचं कुलूप) बंद करायची वेळ आली तर तिथंच थांबा. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) असेल तर त्यांचं विंडोज रिकव्हरी की मागत बसतं, आणि ती कोणाजवळच नसते.

जुन्या व्हिडिओंत 'विंडोज टू गो', म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारं विंडोज, दाखवतात. त्याच्या मागे लागू नका, मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये ते काढून टाकलं. मी लिनक्सचा एमएक्स हा प्रकार वापरते, अगदी जुन्या ३२ बिटच्या डब्यावर अँटिएक्स हा त्याहून हलका प्रकार. विंडोजवर रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रॅमनं एक पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून एमएक्स उघडा आणि त्यातल्या 'लाइव्ह यूएसबी मेकर'नं दुसरा बनवा. कामाचा हा दुसरा. बनवतानाच एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय न उघडणारं कुलूप, लावून घ्या. माझ्याकडे बायांचे आधार आणि खाते नंबर असतात, पेनड्राइव्ह एसटीत पडला तर ते कोणाच्या हाती जायला नकोत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसता लाइव्ह पेनड्राइव्ह मशीन बंद झालं की सगळं विसरतो. केलेलं काम टिकवायला 'पर्सिस्टन्स' लागतो आणि त्याचे प्रकार आहेत, हे मला फार उशिरा कळलं. एका मासिक बैठकीनंतर मी अकरा गटांची वर्गणी आणि कर्जाचे हप्ते भरत होते. दर गट झाला की कंट्रोल-एस दाबत होते. नवव्या गटावर लाइट गेली, मशीनला यूपीएस नव्हता. परत उघडलं तर शीट सकाळची, एकही नोंद नाही. मी निवडलेल्या 'पर्सिस्ट रूट' प्रकारात सगळे बदल रॅममध्ये राहतात आणि मशीन नीट बंद करताना पेनड्राइव्हवर उतरतात. म्हणजे मी सेव्ह करत होते ते रॅममध्येच. बाया दिवसभर कापूस वेचून आल्या होत्या, त्यांना पुन्हा बोलावून एकेकीचं पासबुक पाहून नोंदी केल्या. तेव्हापासून मी 'पर्सिस्ट स्टॅटिक' ठेवते. त्यात सेव्ह केलेलं थेट पेनड्राइव्हवर जातं. थोडं हळू चालतं, पण आपल्याकडच्या लाइटीच्या भरवशावर तो रॅमवाला प्रकार नकोच. निळा यूएसबी ३.० पोर्ट मिळाला तर तो हळूपणाही फारसा जाणवत नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. विंडोज मशीनच्या घड्याळात आपली स्थानिक वेळ ठेवतं. लिनक्स तीच वेळ यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) धरून साडेपाच तास पुढं दाखवतं. संध्याकाळी साडेसहानंतर तारीखच बदलते! सातच्या बैठकीच्या पावत्यांवर मला उद्याची तारीख दिसली, तेव्हा लक्षात आलं. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर घड्याळ 'लोकल' करा.

मराठीचं सुख मात्र मोठं आहे. इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची सरकारी मांडणी) कीबोर्ड आणि युनिकोड फॉन्ट एकदा बसवले की प्रत्येक गावात तेच मिळतात, चौकोन चौकोन दिसत नाहीत. वायफाय एखाद्या मशीनवर ओळखलं नाही तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट मशीनला द्या, तेवढ्यानं भागतं.

पेनड्राइव्ह चांगल्या कंपनीचा ३२ जीबीचा घ्या, आणि दोन घ्या. सारखं लिहून लिहून तो कधीतरी अचानक मरतो. दर शनिवारी मी कामाच्या पेनड्राइव्हवरचा 'हिशेब' फोल्डर उरलेल्यावर उतरवते आणि तो घरी कपाटात ठेवते, पिशवीत नाही. तुम्ही ज्या मशीनवर बसता त्याचं मॉडेल कळवा, बूटची की कोणती ते सांगते.