फोड सुकले, आता स्टिरॉइड बंद करू का?

प्रश्न: आई ५८ वर्षांची, वजन ६० किलो. पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी (शरीराच्याच अँटिबॉडीमुळे त्वचेवर आणि तोंडात फोड येणारा आजार) रोज ६० मिग्रॅ प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू आहे. पाच आठवड्यांत अंगावरचे फोड सुकले, तोंडातले थोडे उरलेत. दहा दिवसांपूर्वी अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) ५० मिग्रॅ जोडलं. साखर वाढलीय, चेहरा सुजलाय. स्टिरॉइड थांबवून नव्या गोळीवरच भागेल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: नाही. फोड सुकले ते स्टिरॉइडमुळे. अ‍ॅझाथायोप्रिनचा गुण यायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात अजून आहेत. शिवाय एवढ्या दिवसांत शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. स्टिरॉइड एकदम बंद केलं तर रक्तदाब पडून, उलट्या होऊन आई अंथरुणाला खिळू शकते.

नवे फोड थांबून दोनेक आठवडे झाले आणि बहुतेक जखमा भरल्या, की साधारण दर पंधरवड्याला ५ ते १० मिग्रॅ कमी करत २० मिग्रॅपर्यंत येतात; तिथून पुढे मुंगीच्या पावलांनी, २.५ मिग्रॅ करत. वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. साखरेसाठी औषध वाढवावं लागेल, ते वाढवू द्या. कॅल्शियम, ड जीवनसत्त्वही विचारा.

खरी नजर हवी ती अ‍ॅझाथायोप्रिनवर. पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरची तपासणी चुकवू नका. हे औषध शरीराला पचवता येतं का, हे टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ या जनुकांच्या तपासणीतून कळतं. टीपीएमटीची तपासणी झाली असली तरी एनयूडीटी-१५ झाली का, हे विचारा. आपल्याकडे या दुसऱ्या जनुकातला दोष जास्त आढळतो. तो असला तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी झपाट्यानं उतरतात. केस गळणं हा त्याचा इशारा असू शकतो; सकाळी उशीवर केसांचे पुंजके दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सीबीसी करा. युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर आजच सांगा, त्यानं अ‍ॅझाथायोप्रिनचं विष होतं. दुसऱ्या डॉक्टरांची गोळी म्हणून ती सांगायची राहून जाते. ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नका. स्टिरॉइडखाली जंतुसंसर्ग दबून राहतो.

ओल्या जखमांना चादर चिकटते आणि उठताना साल निघते. मंडईतून केळीची कोवळी पानं आणा, धुऊन पुसा, शिरेची बाजू खाली ठेवून अंथरा आणि रोज बदला. तोंडासाठी गार दहीभात, मऊ खिचडी. तिखट आणि पापड नकोत.

प्रश्न: पेम्फिगससाठी रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा साठा कमी करणारं औषध) सुचवलंय. आधी काय बघावं? – एक वाचक, हडपसर

उत्तर: साधारणपणे १ ग्रॅम सलाइनमधून, पंधरा दिवसांनी पुन्हा १ ग्रॅम. त्याआधी हिपॅटायटिस बी: नुसतं एचबीएसएजी (सध्याचा संसर्ग दाखवणारी तपासणी) पुरत नाही, कोअर अँटिबॉडीही (जुना संसर्ग दाखवणारी) हवी, दबलेला विषाणू या औषधानं उसळतो. टीबी आणि एचआयव्हीही तपासा. लशी जमल्यास चार आठवडे आधी उरका, पण जिवंत लस नको. बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही हे आदल्या दिवशीच विचारा, कारण सलाइन चालू असताना रक्तदाब उतरू शकतो.