९ मिमीच्या काडतुसात स्मॉल पिस्टलऐवजी स्मॉल रायफल किंवा मॅग्नम प्रायमर चालेल का?

तुम्ही टेक्सासमध्ये राहता, ९ मिमी आणि .४५ एसीपीची काडतुसं घरी भरता. दुकानात साधे स्मॉल पिस्टल प्रायमर (प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली, ठोक्याने पेटून आतली पावडर, म्हणजे दारू, पेटवणारी छोटी टोपी) नाहीत, स्मॉल रायफल आणि स्मॉल पिस्टल मॅग्नम मात्र आहेत, तेव्हा ते वापरावेत का, हा तुमचा प्रश्न. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि हाच छंद जोपासतो. २०२०-२१ च्या टंचाईत मिळेल तो प्रायमर घेण्याची वेळ आमच्यापैकी पुष्कळांवर आली होती, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहितो.

९ मिमीमध्ये दोन्ही वापरता येतात. पण जुना लोड (पावडर, तिचं वजन, गोळी आणि प्रायमर यांचं ठरलेलं जुळणं) आहे तसा ठेवून नुसता प्रायमर बदलायचा, असं करू नका. प्रायमर बदलला की तो लोड नवा झाला असं धरायचं आणि कमी पावडरपासून सुरुवात करायची.

स्मॉल पिस्टल आणि स्मॉल रायफल या दोघांचा व्यास ०.१७५ इंच आणि उंचीही जवळपास सारखीच, म्हणून ते काडतुसाच्या पितळी आवरणाच्या, म्हणजे पुंगळीच्या, बुडातल्या एकाच खळग्यात नीट बसतात. फरक आहे तो वाटीच्या पत्र्यात. सीसीआय कंपनीच्या ५०० या पिस्टल प्रायमरचा पत्रा साधारण ०.०१७ इंच जाड असतो, सीसीआय ४०० या रायफल प्रायमरचा ०.०२० आणि सीसीआय ४५० या रायफल मॅग्नमचा ०.०२५. आकडे किरकोळ दिसतात, पण फायरिंग पिनला (ठोका देणाऱ्या टोकाला) हाच पत्रा आत दाबून प्रायमरमधला स्फोटक मसाला त्यातल्याच छोट्या ऐरणीवर चिरडायचा असतो. फॅक्टरीची स्प्रिंग असलेल्या पिस्तुलात ४०० सहसा व्यवस्थित पेटतो. चाप हलका व्हावा म्हणून स्प्रिंग बदललेली असेल, विशेषतः रिव्हॉल्व्हरमध्ये, तर ठोका पडेल पण बार होणार नाही. म्हणूनच हलक्या चापाचे रिव्हॉल्व्हर वापरणारे स्पर्धक फेडरल कंपनीच्या मऊ प्रायमरवर अडून बसतात. दुसऱ्या टोकाला .४५४ कॅसूल आहे. ते रिव्हॉल्व्हरचंच काडतूस, पण कमाल दाब ६५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), म्हणून त्याच्या पुंगळीला मुळातच स्मॉल रायफल प्रायमर लागतो. ९ मिमीचा कमाल दाब ३५,००० पीएसआय. तेवढ्यासाठी जाड पत्र्याची गरज नाही, तो फक्त चालवून घ्यायचा.

रायफल प्रायमर पहिल्या ठोक्याला पेटला नाही आणि दुसऱ्याला पेटला, तर लगेच पत्र्याला दोष देऊ नका. बहुतेक वेळा प्रायमर खळग्याच्या तळाला टेकलेलाच नसतो. पहिला ठोका त्याला खाली बसवण्यातच खर्च होतो आणि दुसरा बार करतो. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच आत हवा. भरलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवून बघा, वर आलेला प्रायमर बोटाला लगेच कळतो.

आता मॅग्नम. सीसीआय ५५० या स्मॉल पिस्टल मॅग्नमचा पत्रा ५०० इतकाच, म्हणजे ठोक्याची चिंता नाही. इथे ज्योत जास्त तापट असते. ९ मिमीत आपण बहुतेक जलद जळणारी पावडर अगदी थोडी वापरतो, तिला एवढ्या ज्योतीची गरजच नसते. लोड मध्यम असेल तर गोळीचा वेग थोडा बदलेल, फार काही होणार नाही. पण लोड आधीच कमाल मर्यादेला टेकलेला असेल तर हाच बदल त्याला मर्यादेपलीकडे नेईल.

म्हणून लोडिंग मॅन्युअलमधला पावडरचा कमाल आकडा घ्या, त्यातून दहा टक्के वजा करा आणि तिथून थोडं थोडं वर या. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) हवाच. उडालेल्या प्रायमरचा चपटेपणा पाहून दाब ओळखण्याची सवय बऱ्याच जणांना असते. पिस्तुलात ती एरवीही फारशी भरवशाची नाही, आणि रायफल प्रायमर घातल्यावर तर अजिबात नाही. जाड पत्रा दाब वाढला तरी गोल राहतो आणि तुम्हाला सगळं ठीक वाटत राहतं. जुन्या लोडपेक्षा वेग अचानक वाढलेला दिसला की तिथेच थांबायचं.

दहा टक्क्यांच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो माहीत असलाच पाहिजे. पुढे कधी .३५७ मॅग्नमकडे वळलात आणि हॉजडनची एच-११० किंवा विंचेस्टरची २९६ पावडर घेतलीत, तर ती ३ टक्क्यांहून जास्त कमी करायची नाही, आणि तिला मॅग्नम प्रायमरच लागतो. ओल्या लाकडाला नुसती काडी लावून भागत नाही, तसंच हे. साधा प्रायमर आणि कमी पावडर असं एकत्र आलं की जळण अर्धवट होतं आणि गोळी नळीत अडकू शकते. आवाज दबका आला आणि पुढचा बार केलात, तर नळी फुटते. दबका आवाज आला की हात तिथेच थांबवायचा, शस्त्र रिकामं करायचं आणि नळी आरपार मोकळी आहे का ते पाहायचं. हा नियम कुठल्याही लोडला लागू आहे.

.४५ एसीपीला सहसा लार्ज पिस्टल प्रायमर लागतो. त्याच्या बाबतीत मात्र लार्ज रायफल प्रायमर वापरायचा विचार सोडून द्या. लार्ज पिस्टल आणि लार्ज रायफल दोघांचा व्यास ०.२१० इंच, पण रायफलचा सुमारे ०.००८ इंच उंच असतो. तो पिस्टलच्या खळग्यात बसवला की बुडाबाहेर डोकावतो. स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) जोरात पुढे येताना त्याच्यावर आदळली तर चाप न ओढताच बार होऊ शकतो. रेंजवर कोणी सांगेल की खळगा खोल करून घ्या. करू नका. विंचेस्टरचे लार्ज पिस्टल प्रायमर साध्या आणि मॅग्नम दोन्ही लोडसाठी म्हणून विकले जातात, ते मिळतात का बघा. दुसरी सोय अशी की .४५ च्या काही पुंगळ्या स्मॉल प्रायमरच्याही येतात. त्या वेगळ्या काढून स्मॉल पिस्टल मिळाला तर वापरता येतो, अर्थात तोही नवा लोड धरूनच. पण दोन्ही पुंगळ्या एकाच डब्यात ठेवू नका. प्रेसवर (काडतूस भरायच्या यंत्रावर) लहान खळग्यात मोठा प्रायमर दाबला गेला तर तो हातातच उडू शकतो.

उलटा बदल, म्हणजे रायफलच्या काडतुसात पिस्टल प्रायमर, हा तर नकोच. .२२३ रेमिंग्टनचा दाब ५५,००० पीएसआय असतो. पातळ पत्रा भोक पडून फाटतो आणि तापलेला गॅस बोल्टमधून (पुंगळीला मागून बंद ठेवणाऱ्या भागातून) मागे, तुमच्या चेहऱ्याकडे येतो. एआर-१५ या रायफलची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकी टोचते, आणि मऊ पत्र्याचा प्रायमर तेवढ्यानेही पेटू शकतो.

डोळ्यांवर चष्मा हवा, प्रायमर मूळ पेटीतच हवेत. बरणीत ओतून ठेवलेले प्रायमर एक पेटला की सगळे एकदम उडतात. भरलेल्या डब्यावर पावडर, वजन आणि गोळी यांच्यासोबत प्रायमरचा नंबरही लिहा. स्वसंरक्षणासाठी जवळ ठेवायच्या पिस्तुलात फॅक्टरीचीच काडतुसं घाला, बदली प्रायमरचे लोड रेंजपुरते.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी: १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, तेव्हा हे घरी करून बघू नका.

तुमचं पिस्तूल कोणतं, त्यात स्प्रिंग बदलली आहे का, आणि पावडर कोणती वापरता, हे खाली लिहिलंत तर तुमच्या लोडबद्दल नेमकं बोलता येईल.