टॅपेट सेट करूनही जुन्या ट्रकच्या इंजिनाची टिकटिक का जात नाही?

तुमच्या वीसेक वर्षे जुन्या, सहा सिलिंडरच्या डिझेल ट्रकचे इंजिन सकाळी स्टार्ट करताच टिकटिक करते, टॅपेट (व्हॉल्व्हवरची ठरावीक फट) दोनदा सेट करूनही आवाज गेलेला नाही आणि आता गॅरेजवाले इंजिन खोलायला सांगत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. इंजिन खोलण्याची घाई करू नका. मी सांगलीचा असून अनेक हंगाम ऊसवाहतूक केली आहे आणि नेमक्या याच आवाजापायी स्वतःचे नुकसान करून घेतले आहे.

आयडलिंगला इंजिनाचे मिनिटाला ६०० फेरे होत असतील, तर कॅमशाफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे, ३०० होतात. म्हणून एखादा टॅपेट सैल असेल तर सेकंदाला पाच वेळा टिक ऐकू येते. अडचण अशी की फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक नोझल दोन फेऱ्यांत एकदाच डिझेल मारते आणि प्रत्येक सिलिंडरचा धूरही दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो, त्यामुळे बिघडलेल्या नोझलची खटखट आणि मॅनिफोल्डच्या (धूर गोळा करणाऱ्या नळकांड्याच्या) पॅकिंगमधील लीकेज हीदेखील त्याच ठेक्यात वाजतात. नुसत्या कानावर विसंबणारा मिस्त्री तिन्हींना टॅपेटच म्हणतो.

फरक कळतो तो डिझेल तोडल्यावर. पंप जुन्या पद्धतीचा, मेकॅनिकल असेल तर इंजिन आयडलिंगला ठेवून एका वेळी एकाच नोझलच्या पाइपाचा नट थोडा ढिला करावा. त्या सिलिंडरचे जळण थांबले तरी टिकटिक जशीच्या तशी राहिली, तर दोष टॅपेट, रॉकर किंवा पुशरॉडकडे, म्हणजे कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या भागांकडे आहे. आवाज गेला किंवा बराच मंदावला, तर नोझल, मॅनिफोल्ड किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडे पाहावे. हात दूर ठेवावा व डोळ्यांवर चष्मा असावा, कारण दाबाने उडालेले डिझेल कातडीत शिरू शकते. कॉमन रेल इंजिनावर (ज्यात सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते) मात्र हा प्रयोग मुळीच करू नये. तिथला दाब जीवघेणा असतो.

माझ्या गाडीत दोष मॅनिफोल्डचा होता. कारखान्याच्या अड्ड्यावर पहाटेच्या थंडीत गाडी चालू केली की टिकटिक स्पष्ट यायची, इंजिन तापून लोखंड फुगले की जवळजवळ बंद व्हायची, आणि पुण्याहून भरलेली गाडी खंबाटकी घाट चढू लागली की पुन्हा उठायची. मिस्त्रीने आवाज मारण्यासाठी टॅपेट पुस्तकातल्या मापापेक्षा घट्ट केले. त्याने टिकटिक गेली नाहीच, उलट गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसेना आणि एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला. हेड उतरवले तेव्हा सहाव्या सिलिंडरच्या पोर्टशेजारी काजळीचा बोटभर काळा पट्टा दिसला; तिथला मॅनिफोल्ड आवळणारा स्टड मुळात तुटलेला होता. हा पट्टा बॅटरीच्या उजेडात आधीच दिसला असता. इंजिन थंड पण चालू असताना रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डच्या कडेने फिरवले तरी लीकेजची जागा सापडते, फक्त नळी पंख्यात जाऊ देऊ नये.

डिझेल तोडूनही आवाज राहिला, तर टॅपेट पुन्हा सेट करण्याआधी रॉकरचे तोंड नखाने चाचपून पाहावे. तिथे खड्डा पडला असेल तर फट मोजणाऱ्या फिलर गेजची सपाट पट्टी खड्ड्यावरून आडवी जाते, माप बरोबर दाखवते आणि खरी फट त्याहून जास्त राहते. तुमच्या दोन्ही सेटिंग वाया जाण्याचे हेही कारण असू शकते. पुशरॉड काढून काचेवर लोळवावी, वाकलेली असेल तर लगेच कळते. रॉकरचे बुश आणि त्यांना ऑइल पोचते का हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत स्टार्ट केल्यावर काही सेकंद होणारी टिकटिक ऑइल वर चढेपर्यंतचीच असते, तिची चिंता नको.

आवाज टिकटिक नसून खालून येणारा जड, ठोके मारल्यासारखा असेल, पिकअप दिल्यावर वाढत असेल आणि ऑइल प्रेशरचा काटाही नेहमीपेक्षा खाली असेल, तर मात्र इंजिन तिथेच बंद करावे आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्यावी.