वाचकांचे प्रश्न : वेबसाइट घडवणाऱ्याची भाषा

या अंकातील तीन प्रश्नांना सोलापुरात गेली अनेक वर्षे वेबसाइट तयार करणाऱ्या एका डेव्हलपरने उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मराठी माध्यमातून शिकून मी सोलापुरातच अभियांत्रिकीची पदवी घेतली. कोड लिहिता येतो, परंतु पुण्यातील दोन मुलाखतींत इंग्रजी बोलताना अडखळलो आणि नकार मिळाला. इंग्रजी कच्चे असणाऱ्याने या क्षेत्रात यावे का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : अवश्य यावे, मात्र बोलायचे इंग्रजी आणि वाचायचे इंग्रजी यांची गल्लत करू नये. बोलणे सरावाने सुधारते, आणि तोवर अडखळले तरी कोडचे काही बिघडत नाही. वाचण्यात मात्र सूट नाही, कारण या धंद्यातील मूळ माहितीपुस्तिका इंग्रजीतच असतात आणि चूक झाली की संगणक जो संदेश देतो तोही इंग्रजीतच येतो. माझ्याकडे शिकायला येणारी मुले त्या लाल ओळींचा मोबाइलवर फोटो काढून मला पाठवतात आणि विचारतात, "सर, हे काय आलंय?" त्या ओळींत बहुतेक वेळा फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक स्पष्ट लिहिलेला असतो. तेवढे दोन शब्द शांतपणे वाचले असते, तर फोटो काढण्याची वेळच आली नसती. ही उणीव इंग्रजीची कमी आणि धीराची जास्त आहे, आणि फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांतही ती मी भरपूर पाहिली आहे.

कोड लिहायला बसण्यापूर्वी तो काय करणार आहे हे वहीत चार मराठी वाक्यांत लिहून पाहावे, असे मी सर्वांना सांगतो. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, तर त्या भाषेत लिहा. सोलापुरात त्याचे कोणाला नवल वाटू नये. ज्याला ती चार वाक्ये कोणत्याच भाषेत जमत नाहीत, त्याला काम अजून समजलेले नाही, आणि ते इंग्रजीच्या शिकवणीने समजणार नाही.

नावे देताना मात्र एक शिस्त पाळावी. मागे एका कर्जवसुलीच्या प्रणालीत रकमा जुळत नव्हत्या, म्हणून मी तिचा कोड उघडला. तीन जणांनी मिळून तो लिहिला होता आणि तिघांनी 'हप्ता' हा शब्द रोमन लिपीत आपापल्या कानाप्रमाणे लिहिला होता : एकाने साधा 'हप्ता', दुसऱ्याने शेवटी दोन 'ए' लावून, तर तिसऱ्याने चक्क 'हफ्ता'. जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत एखाद्या वस्तूचा, म्हणजे एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गठ्ठ्याचा, गुणधर्म चुकीच्या नावाने मागितला, तर ती भाषा तक्रार करीत नाही, 'अनडिफाइन्ड' म्हणजे 'काही ठरलेले नाही' असे मुकाट्याने परत देते. त्यामुळे काही हप्ते बेरजेत येतच नव्हते. मराठी नावे द्यावीत की इंग्रजी, यावर वाद घालण्यापेक्षा एका शब्दाचे एकच लेखन ठरवून ते भिंतीवर चिकटवावे. मी त्या कार्यालयात नेमके तेच केले.

प्रश्न : पीएचपी शिकावी की जावास्क्रिप्ट? (एक विद्यार्थिनी, अक्कलकोट)

उत्तर : दोन्ही भाषा १९९५ सालच्या आहेत, दोघींना नावे ठेवणारे भरपूर आहेत आणि दोघींवर पोट भरणारे त्याहून अधिक आहेत. ब्राउझरमध्ये काही हलवायचे तर जावास्क्रिप्टला फारसा पर्याय नाही, तेव्हा तिथून सुरुवात करा. पीएचपीत लिहिलेल्या वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या साधनाची कामे मिळू लागली की ती भाषाही आपोआप शिकाल.

प्रश्न : आमच्या संस्थेची वेबसाइट मराठीत करायची आहे. इंग्रजी वेबसाइट तयार करून ती यंत्राने भाषांतरित केली तर चालेल का? (एका पतसंस्थेचे सचिव)

उत्तर : चालेल असे मलाही एकेकाळी वाटत होते. आपल्यासारख्याच एका संस्थेच्या मुखपृष्ठावर सूचनांची शीर्षके लांबली तर कापून दाखवायची होती, आणि मी नमुन्यादाखल इंग्रजी मजकूर भरून काम तपासले होते. खऱ्या मराठी सूचना चढल्यावर अनेक शीर्षकांच्या शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह उमटू लागले. अध्यक्षांनी फोन करून विचारले, "सभासदांना प्रश्न पडावा म्हणून हे चिन्ह टाकलंय का?" चूक पूर्णपणे माझी होती. 'सोलापूर' हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणात, मात्र काना-मात्रा-उकार वेगळे मोजले जाऊन त्याची सात चिन्हे होतात, आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना प्रत्येक चिन्हाला तीन, म्हणजे एकूण एकवीस बाइट (संगणकातील साठवणीचे एकक) लागतात. मी बाइट मोजून कात्री लावली होती, त्यामुळे शेवटच्या अक्षराचे तुकडे होत होते. मग चिन्हे मोजून कापायला लागलो, तर 'सिद्धेश्वर' हे नाव 'सिद्धेश्' असे लंगडे दिसू लागले. ग्रामदैवताच्या नावाची ही गत सोलापुरात कोण खपवून घेईल? अखेर शब्द संपतो तिथेच, म्हणजे मोकळ्या जागेवर कापण्याचा नियम घातला आणि तो आजवर टिकला आहे.

तेव्हा आपल्या डेव्हलपरला पहिल्या दिवसापासून खरा मराठी मजकूर द्या आणि पानाची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये आहे ना, हे विचारा. पुष्कळ ठिकाणी तिथे इंग्रजी किंवा हिंदी लिहिलेले राहते. दृष्टिहीन सभासदाचे वाचक सॉफ्टवेअर त्या नोंदीवरून उच्चार ठरवते, आणि काही फॉन्ट मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' त्या नोंदीवरूनच निवडतात. अक्षरांमध्ये शोभेसाठी अंतर सोडू देऊ नका, शिरोरेषा तुटते.

यंत्राच्या भाषांतराविषयी एवढेच सांगतो की, वर उल्लेखिलेल्या संस्थेत तोही प्रयोग झाला होता. खात्याच्या पानावर 'समतोल : १२,५०० रुपये' असे आले होते, आणि माहिती जतन करण्याच्या बटणावर 'वाचवा' असे लिहिलेले होते. मी सगळी पाने छापून काउंटरवर बसणाऱ्या ताईंपुढे ठेवली. त्यांनी लाल पेनाने 'समतोल' खोडून 'शिल्लक' लिहिले, 'वाचवा'पाशी थोडा वेळ थांबून मला विचारले, "कुणाला?", आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपूर्वी सगळी पाने दुरुस्त करून परत दिली.